पुलावरून न गेलेली गाडी

श्रीपाद टेंभेकरांना मोटरसायकल चालवता येत नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचा सगळा वैताग ह्याच्यापासून सुरू झाला. ज्यांनी त्यांना जबलपूरच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं मोटरसायकलवर पाहिलंय त्यांना हे खरं वाटत नाही. तुम्ही पाहिलं ते बरोबरच आहे. फक्त नीट आठवा, ते मागं बसलेले असायचे.

समोर असायचा आनंद कोलते. दोघंही अधारतालचे आणि दोघंही एकाच डिफेन्स फॅक्टरीतले, आनंद मशीन शॉपमध्ये आणि श्रीपादभाऊ स्टोअरमध्ये. सकाळी आनंद ह्यांच्या फाटकाशी हॉर्न मारायचा, हे डबा छातीशी धरून मागं बसायचे, संध्याकाळी तसेच परत. रिटायर झाले, फॅक्टरी सुटली, पण सीट सुटली नाही. भाजी आणायची तर आनंदच्या गाडीवर. सराफ्यात बायकोचं मंगळसूत्र गाठवायला टाकायचं तरी आनंदच्या गाडीवर. शैलजावहिनी, म्हणजे श्रीपादभाऊंच्या सौभाग्यवती, मला एकदा म्हणाल्या होत्या, "माझं लग्न ह्यांच्याशी झालं बाई, पण ह्यांचं त्या सीटशी झालं."

मी भाऊंना ओळखत होते ती आनंदमुळं. मी ग्वारीघाटावर नाल्यांवरून भांडते. शहराची घाण दिवसभर नर्मदेत सोडायची आणि संध्याकाळी तिच्यासमोरच दिवे ओवाळायचे, ह्या प्रकाराविरुद्ध मी इतकी वर्षं ओरडून राहिले की आधी मला पाहून वाट बदलणारे पंडे आता चहा पाजतात. ऐकत कोणी नाही, चहा मात्र पाजतात. आमच्या धरण्यावर आनंद थर्मास घेऊन यायचा. त्याच्या मागून श्रीपादभाऊ उतरायचे, चपला काढून सतरंजीच्या टोकावर बसायचे आणि घोषणा सुरू झाल्या की नुसते ओठ हलवायचे. मी म्हणायची, "भाऊ, जोरानं!" ते म्हणायचे, "आनंद देऊन राहिला ना."

तर असा हा माणूस. ह्याच्यासोबत मी मोटरसायकलवर नर्मदेला प्रदक्षिणा घालून आले, आणि अजून माझं डोकं ठिकाणावर आहे, ह्याचं मलाच नवल वाटते.

परिक्रमेचा नियम सोपा आहे. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि कुठंही ओलांडायची नाही. ग्वारीघाटावरून निघालात तर ह्या काठानं अमरकंटकला उगमापर्यंत जायचं, उगमाला वळसा घालायचा, मग त्या काठानं थेट समुद्र गाठायचा. समुद्राच्या तोंडाशी होडीनं पलीकडं जायचं आणि पुन्हा ह्या काठानं घरी. मध्ये एक पूल जरी ओलांडला तरी परिक्रमा खंडित झाली, पहिल्यापासून सुरू करा. पायी जाणारे आहेत, बसनं जाणारे आहेत, आणि आता मोटरसायकलवालेही पुष्कळ झालेत.

आनंद आणि श्रीपादभाऊंनी रिटायर झाल्यापासून हे ठरवून ठेवलं होतं. शेवटी देवउठनी एकादशी झाल्यावर दोघांनी घाटावर हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, बाटलीत नर्मदेचं पाणी भरून घेतलं, गाडीच्या हेडलाइटला हार घातला. निघायच्या दिवशी सकाळी फाटकाशी हॉर्न वाजला नाही. श्रीपादभाऊ पिशवी खांद्याला लावून उभेच राहिले. मग नंदाचा, आनंदच्या बायकोचा, फोन आला. आनंद झोपेतच गेला होता.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. पुण्याहून आलेल्या मुलानं, अनुपमनं, गाडी विकून टाकू म्हटलं. तेव्हापासून श्रीपादभाऊ रोज सकाळी नंदाच्या ओसरीत येऊन गाडीशेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. बोलणं काहीच नाही. नुसतं बसून राहायचं. नंदानं मला बोलावलं.

"मेघना, तू ह्यांना घेऊन जा."

"कुठं?"

"परिक्रमेला. ते म्हणतात, आनंदचा संकल्प सुटला आहे, तो अर्धवट नाही राहिला पाहिजे. घाटावरच्या पंडितजींनी सांगितलं की त्यांची एखादी चीज सोबत घेऊन दुसऱ्यानं पूर्ण केला तरी चालते."

"मग एखादा गमछा न्या म्हणावं. बसनं जा म्हणावं."

"त्यांनी गाडी धरली आहे. गाडीच न्यायची म्हणतात. आणि चालवता येत नाही."

"अगं, पण मी काहून? मी देवसुद्धा मानत नाही."

नंदानं ओसरीकडं बोट केलं. "मेघना, ते सकाळपासून इथं बसतात. पाहुणा बसला की चहा करावा लागते, दोन गोष्टी बोलाव्या लागतात. मी रडायचं कधी?"

शिवाय ती पुढं म्हणाली, "तुला गाडी चालवता येते आणि तू कोणाला भीत नाहीस," आणि माझी अशी तारीफ केली की मी फसते हे नंदाला पक्कं माहीत आहे.

मी ओसरीत गेले. भाऊंनी अट आधीच ठरवून ठेवली होती. "ताई, एकच गोष्ट. गाडीनं नर्मदा ओलांडायची नाही. आनंदच्या जागी गाडी आहे. गाडीनं ओलांडली की त्याची परिक्रमा तुटली."

"समजलं."

"एकदाही नाही."

"समजलं हो, भाऊ! आंधळी नाही मी. पूल दिसते मला."

मागच्या सीटवर आयुष्य काढलेल्या माणसाला गाडीवर बसवून कोणी लांब गेलं असेल तर त्यालाच माझं दुःख कळेल. गतिरोधक आला की डाव्या खांद्यावर टिचकी. म्हैस दिसली की उजव्या खांद्यावर टिचकी. ट्रक मागून आला की दोन्हीकडं. मंडल्याच्या रस्त्याला लागेपर्यंत माझे खांदे तबल्यासारखे झाले होते. मी गाडी थांबवून म्हटलं, "भाऊ, मला दिसून राहिलं आहे."

"आनंदला पण दिसायचं."

"मग?"

"मग तरी मी सांगायचो."

वाटेत प्रत्येक मंदिराशी उतरायचं. मी म्हटलं, ठीक आहे, मग मी पण प्रत्येक नाल्याशी उतरते. गावागावांतून नदीला येऊन मिळणाऱ्या गटारांचे फोटो मी काढत गेले. एका ठिकाणी मी काठावरून खाली वाकून फोटो घेत होते, तर मागून आवाज आला, "ताई, आपण परिक्रमेला निघालो की तपासणीला?" ह्या माणसानं जन्मात केलेला तो बहुतेक पहिला टोमणा असावा. आणि तो माझ्या वाट्याला आला.

अमरकंटकला वळसा घालून आम्ही पलीकडच्या काठाला लागलो. मग कालव्याचं प्रकरण झालं. धरणातून निघालेला मोठा कालवा रस्त्याला आडवा आला, त्यावर छोटासा पूल. भाऊंनी माझा खांदा धरला, ह्या वेळी टिचकी नाही, पूर्ण पंजा.

"थांबा. हे पाणी कोणाचं आहे?"

"सरकारचं."

"नर्मदेचं आहे ना? मग हे ओलांडायचं कसं?"

मी हेल्मेट काढलं. "भाऊ, अधारतालला तुमच्या घरच्या नळाला पाणी कोणाचं येते? नर्मदेचंच. मग रोज सकाळी बादली ओलांडून जाता तेव्हा काय होते?"

त्यांनी खरोखर विचार केला. तिथं, उन्हात, एक ट्रॅक्टरवाला मागून हॉर्न मारून राहिला असताना, त्यांनी बादलीचा विचार केला. मग खिशातून फोन काढून ग्वारीघाटाच्या पंडितजींना लावला. पंडितजी कुठल्यातरी लग्नात होते, मागं बँड वाजत होता. भाऊंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ओरडून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "अरे नहर चलती है भैया, नहर चलती है!" भाऊंनी फोन खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "चलो." जणू उशीर मीच केला होता.

पण खरी परीक्षा पुढं होती. त्या काठानं उतरत आम्ही पुन्हा जबलपूरच्या समोर आलो. हे जबलपूरच्या माणसालाच कळेल. इतके दिवस भटकून तुम्ही आपल्या घरासमोर येता. मध्ये फक्त नदी आहे. समोर तिलवाऱ्याचा पूल आहे, ज्यावरून मी हजारदा गेले असेन. पुलापलीकडं माझी गादी आहे, माझा गीझर आहे, माझं लोणचं आहे. आणि जायचं नाही. पाठ फिरवून उलट्या दिशेनं समुद्र गाठायचा.

त्यात भाऊंना थंडी बाधली होती. मागं बसून खोकायचे, आणि त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या होत्या. संपल्या म्हणजे आणल्याच कमी होत्या, कारण पिशवीत पुस्तकं आणि नारळ भरले होते. मी फोन केला तशा शैलजावहिनी ऑटो करून पूल ओलांडून ह्या काठाला आल्या. सोबत गोळ्या, माकडटोपी आणि एवढा मोठा डबा. धाब्यासमोरच्या खाटेवर नवऱ्याला बसवून त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप आहे. चला घरी."

"पूल आहे मध्ये."

"मला दिसून राहिला पूल. मी त्यावरूनच आली. दोन दिवस घरी झोपा, बरं वाटलं की पुन्हा ह्याच खाटेवर आणून सोडते."

"गाडी?"

"गाडी इथं उभी राहू द्या. धाबेवाला भैया पाहील. गाडी ओलांडणार नाही, तुम्ही या."

"संकल्प माझा पण आहे."

वहिनी डबा उघडता उघडता थांबल्या. "मला एक सांगा. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यासाठी कधी रस्ता बदलला काय?"

भाऊंनी डबा पुढं ओढला. पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला. मग म्हणाले, "मीठ कमी पडलं."

मी उठून लांब गेले. खरं सांगते, त्या क्षणी मीच किल्ली नदीत फेकली असती. वहिनी थोड्या वेळानं माझ्याजवळ आल्या. त्यांचे डोळे कोरडे होते, आवाज पण. "मेघना, ह्यांना वाटेत कुठंही सोडून आलीस तरी मी काही म्हणणार नाही. गोळ्या तेवढ्या दोन्ही वेळा दे." आणि ऑटोत बसून त्या पूल ओलांडून निघून गेल्या. माकडटोपी घातलेले भाऊ खाटेवरून ऑटो दिसेनासा होईपर्यंत पाहत बसले. मग मला म्हणाले, "चिडली काय ती?"

"नाही," मी म्हटलं, "नाचत गेली."

पुढं नर्मदापुरम, मग ओंकारेश्वर, मग आपल्या महाराष्ट्राचा तुकडा, मग गुजरात. आश्रमांत झोपलो, खिचडी खाल्ली. लोक गाडीवरचा वाळलेला हार पाहून "नर्मदे हर" म्हणायचे आणि भाऊ गाडीच्या वतीनं हात जोडायचे. ताप उतरला, टिचक्या चालूच राहिल्या. ह्या सगळ्या वेळात मी मनातल्या मनात समुद्राच्या तोंडाचा विचार करून राहिले होते, कारण चौकशी मी निघण्याआधीच केली होती. माणसं होडीनं जातात. गाड्या होडीत घेत नाहीत. ड्रायव्हर गाडी घेऊन भरूचच्या पुलावरून जातो आणि पलीकडच्या काठावर आपल्या माणसांना येऊन भेटतो. सगळेच असं करतात, मोठमोठे महाराजसुद्धा, आणि कोणी त्याला खंडित म्हणत नाही. मी म्हटलं, तिथं पोचल्यावर भाऊंना समजावू. तोपर्यंत इतके थकलेले असतील की ऐकतील.

माझा हा अंदाज साफ चुकला.

काठावरच्या शेवटच्या गावात होड्यांचा कारभार रमणभाई नावाचा माणूस पाहत होता. भरती आली की होडी सुटते, त्यामुळं सगळे पाण्याकडं डोळे लावून बसलेले. रमणभाईनं गाडीकडं एक नजर टाकली आणि म्हणाला, "बाइक पुल से."

मी भाऊंकडं वळले. "ऐकलं? मी घेऊन जाते पुलावरून. तुम्ही होडीत बसा. तुमचा नियम पूर्ण होते, संध्याकाळी पलीकडं भेटू."

"गाडी नाही जाणार पुलावरून."

"भाऊ, सगळ्यांच्या जातात."

"सगळ्यांच्या गाड्या गाड्या आहेत. ही परिक्रमा करून राहिली आहे. मी तर नुसता सोबत आहे, ताई."

"लोखंड आहे ते! त्यात पेट्रोल घालते मी रोज!"

ते गाडीशेजारी वाळूत बसले. अगदी तसेच, जसे नंदाच्या ओसरीत बसायचे. भरती आली, होडी माणसांनी भरली, आमच्या नावाचा पुकारा झाला, भाऊ हलले नाहीत. होडी गेली. आता दुसऱ्या दिवशीच्या भरतीपर्यंत काही नाही.

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आनंद माझाही मित्र होता हे बोलले. तो असता तर हसून पुलावरून गेला असता हे बोलले. नदी तुमच्या गाडीचा हिशेब ठेवून नाही राहिली, तिच्यात शहरांची गटारं येतात तिकडं कोणी पाहत नाही आणि तुम्ही पुलाचं घेऊन बसलात, हेही बोलले. ते ऐकत होते. ते नेहमीच ऐकतात, हाच तर त्रास आहे. दगडावर ओरडावं आणि दगडानं मान डोलवावी तसं.

दुसऱ्या दिवशी मी मोर्चा रमणभाईकडं वळवला. मला भांडता येते, त्यातच माझी हयात गेली. मी त्याला विचारलं, गाडी न्यायची नाही असा नियम कुठं लिहिला आहे, दाखवा. कोणी काढला, कधी काढला. सामान नेता की नाही? मग हे सामान आहे असं समजा. मी माहितीचा अधिकार काढला, मी कलेक्टर काढला. किनाऱ्यावरची माणसं जमली. रमणभाई बिडी ओढत राहिला.

तेवढ्यात भाऊ उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले. रमणभाईनं त्यांना विचारलं, "गाड़ी किसकी है, काका?"

"दोस्त की," भाऊ म्हणाले. "संकल्प उसने लिया था। निकलने से पहले गुज़र गया।"

रमणभाईनं बिडी विझवली. हेडलाइटवरच्या हाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तो ऐसा बोलो न, बहन। सुबह से कानून पढ़ा रही हो।"

त्याच्या भावाची मासळीची मोठी होडी होती, बर्फ आणि जाळी नेणारी. त्यात फळ्या टाकून गाडी चढवू म्हणाला. सोबत एकच माणूस येईल, दोघं नाही, वजन झेपणार नाही. आणि तिकडं चिखलात उतरवायची जबाबदारी तुमची.

माणसांची होडी मी भांडत असतानाच भरून सुटली होती, म्हणजे मला पूल घ्यावा लागणार. भाऊंच्या हे लक्षात आलं की नाही देव जाणे. ते दोरखंड पाहण्यात गुंग होते. चार कोळ्यांनी गाडी फळ्यांवरून वर ढकलली, जाळ्यांवर आडवी टेकवली, दोरांनी आवळली. भाऊ तिच्याशेजारी उकिडवे बसले, एक हात सीटवर ठेवून. मी कमरेवर हात ठेवून काठावर उभी. त्यांनी मला हात केला. मी नाही केला.

बस मिळाली. खिडकीची जागा मिळाली. बस पुलावर चढली आणि माझ्या दोन्ही बाजूंना नर्मदा आली, उजवीकडं पण तीच, डावीकडं पण तीच. मला इतका राग आला की काही विचारू नका. मी परिक्रमा करतच नव्हते. मी मानतच नाही. मी एका विधवेच्या शब्दाखातर एका हट्टी माणसाला गाडीवर बसवून फिरवत होते, बस. तरी पूल संपेपर्यंत मला असं वाटत राहिलं की माझ्याकडून कोणीतरी काहीतरी हिसकावून घेतलं, आणि ते ज्याच्यासाठी गेलं त्याला पत्तासुद्धा नाही. शेजारच्या बाईनं खिडकीतून वाकून फुलांची प्लास्टिकची पिशवी, पिशवीसकट, नदीत टाकली. मी तिच्यावर असं खेकसले की ती बिचारी उठून मागच्या सीटवर जाऊन बसली. पिशवीबद्दल मी खेकसलेच असते. पण एवढं नाही.

पलीकडच्या काठावर पोचले तेव्हा ओहोटी लागली होती. होडी परत गेली होती. पाण्यापासून काठापर्यंत चिखलात एक खोल चरी उमटली होती आणि तिच्या टोकाला गाडी उभी होती. भाऊ मांड्यांपर्यंत काळे झालेले, चपला कुठंतरी चिखलानं गिळलेल्या. कोळ्यांनी अर्ध्यापर्यंत हात लावला होता, बाकी त्यांनी एकट्यानं ओढत आणली होती. ह्या वयात, त्या ब्लडप्रेशरवर.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "राहिली आनंदची अखंड?"

"हो."

"माझी तुटली. तुमच्या माहितीसाठी सांगते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जरा गोंधळून. "तुम्ही पण करत होता काय, ताई?"

मी माझ्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्यांच्या पायांवर ओतलं, म्हणजे मला दुसरीकडं पाहता येईल. ते चिखल चोळून काढत म्हणाले, "तुम्ही काल बरोबर बोलल्या. आनंद असता तर पुलावरूनच गेला असता."

माझा हात थांबला. "काय?"

"त्याचं म्हणणंच ते होतं. संकल्पाच्या दिवशी घाटावरून येताना आमचं ह्याच्यावरूनच वाजलं. तो म्हणे, मी गाडी पुलावरून नेतो, तू होडीत बस, सगळे तसंच करतात. मी म्हटलं, मग मी येतच नाही."

"तुम्ही? आनंदला?"

"फाटकाशी उतरता उतरता बोललो. तोंडातून निघून गेलं. त्यानं गाडी बंद केली. बसून राहिला थोडा वेळ. मला वाटलं, रागावला. मग म्हणाला, ठीक आहे बाबा, टाकू होडीत. तू म्हणशील तसं."

त्यांनी ओला हात पँटला पुसला, पण पँट हातापेक्षा घाण होती.

"इतकी वर्षं मी मागं बसलो, ताई. रस्ता नेहमी तोच ठरवायचा. मला काही म्हणायचं नसायचं, खरंच नसायचं. एकदा म्हटलं, आणि तो हो म्हणाला. किक मारून गेला. सकाळी यायचा होता."

वारा होता, चिखलाचा वास होता. मी बाटलीचं बूच लावलं. मग मला पुन्हा राग आला, कारण दुसरं काही यायला लागलं होतं आणि ते मला त्यांच्यासमोर येऊ द्यायचं नव्हतं.

"हे तुम्ही मला जबलपूरलाच काहून नाही सांगितलं? मी त्या रमणभाईशी डोकं फोडून घेतलं, मी तुम्हाला नको नको ते बोलले. एवढं एक वाक्य सांगता नाही आलं?"

"तुम्ही विचारलंच नाही," भाऊ म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं. "तुम्ही बोलून राहिल्या होत्या ना."

गाडीत खारं पाणी गेलं असावं, किक लागेना. त्यांना धक्का मारायला लावलं. ते अनवाणी धावले, मी क्लच सोडला, गाडी खोकली, विझली, पुन्हा धावले, आणि ती लागली. बंद पडेल ह्या भीतीनं मी थांबलेच नाही, पक्क्या रस्त्यापर्यंत नेऊन उभी केली. भाऊ मागून चालत चालत आले.

ग्वारीघाटाला आम्ही पोचलो, बाटलीतलं पाणी नदीत सोडलं, कन्यांना जेवू घातलं, नंदा आली, शैलजावहिनी आल्या, सगळं रीतसर झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण त्या दिवशी पक्क्या रस्त्यावर लागल्यावर थोड्याच अंतरावर रस्ता फुटला. एक डावीकडं, एक सरळ. मोबाइल सांगत होता, सरळ. मी गाडी थांबवली, मोबाइल खिशात टाकला आणि मान मागं वळवून विचारलं, "भाऊ, कुठून जायचं?"

ते दचकले. मग दोन्हीकडं पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मागून आलेला टेम्पो शिव्या देऊन निघून गेला. शेवटी म्हणाले, "डावीकडून घ्या."

मी डावीकडून घेतली. तो रस्ता चुकीचा होता. मला वळतानाच कळलं होतं. तो चांगला लांब जाऊन एका मिठागरात संपला. समोर पांढरे ढीग, पाट्या घेतलेल्या चार बाया, आणि रस्ता नाही. तिथपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, ह्याची नोंद असावी. परत फिरताना मात्र बोलले, आणि भरपूर बोलले.